काचेचं विरजण

माझी केतू पुन्हा थांबली ती श्रावणातल्या एका मंगळवारी, भाताचा घास तोंडापाशी असताना.

चमचा हवेत. तोंड अर्धं उघडं. डोळे माझ्या खांद्याच्या पलीकडे, जणू माझ्यामागे कुणी येऊन उभं राहिलंय आणि ते फक्त तिलाच दिसतंय. चमच्यातली आमटी थेंब थेंब फ्रॉकवर पडत राहिली. मी घड्याळाकडे पाहिलं. डॉक्टरांनी तसंच शिकवलं होतं: हलवायचं नाही, हाका मारायच्या नाहीत, सेकंद मोजायचे. चाळीस झाले. मग तिने घास तोंडात घातला आणि म्हणाली, "आणि मग ना, खेकडा बिळात गेला."

गोष्ट जिथे सुटली होती तिथूनच तिने पुढे उचलली. तिच्या दृष्टीने मध्ये काही घडलंच नव्हतं.

चौदा महिन्यांत हे पहिल्यांदाच होत होतं. त्याआधी, ती दोन-अडीच वर्षांची असताना, दिवसातून तीस-तीस वेळा थांबायची. तिच्या मेंदूतल्या पेशींच्या दारांना जन्मतःच एक सैल कडी आहे. ती आपोआप पडते आणि सगळं घर बंद होतं. थांबणं हळूहळू लांबत जाईल आणि एक दिवस दार उघडणारच नाही, असं डॉक्टरांनी तेव्हा सांगितलं होतं. ते मी निनादला, माझ्या नवऱ्याला, फोनवर सांगितलं. तो मालवाहू जहाजावर होता. इंजिनाच्या आवाजात त्याने मला तेच पुन्हा सांगायला लावलं.

मग औषध आलं. ते बनत होतं आमच्या गावाच्या वर, देवगडच्या बाजूच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, मी जिथे नोकरीला होते त्याच कारखान्यात. माझं काम म्हणजे औषध कधी बिघडतं ते बघणं. आमच्या खोलीत माणसापेक्षा उंच कपाटं होती. एकात एप्रिलमधली मुंबई, दुसऱ्यात आषाढातलं कोकण. बाहेर काहीही हवा असो, कपाटात तोच उष्मा, तीच ओल. त्यांत गोळ्या वर्षानुवर्षं ठेवायच्या आणि ठरल्या तारखेला काढून तपासायच्या. कपाट उघडलं की वेळ लिहून सही करायची, असा नियम.

हे औषध काचेचं होतं. म्हणजे खिडकीच्या काचेचं नव्हे. साखरेचा दाणा बघा, त्यात साखरेचे रेणू शाळेतल्या प्रार्थनेसारखे ओळीत उभे असतात. पण पाक कडक करून झटकन थंड केला तर ओळी लावायला त्यांना सवडच मिळत नाही. जो जिथे असेल तिथे थिजतो. लिमलेटची पारदर्शक गोळी म्हणजे अशी थिजलेली गर्दी. केतूच्या औषधाचे रेणू ओळीत बसले असते तर पोटात विरघळले नसते, वाळूसारखे आत जाऊन वाळूसारखे बाहेर पडले असते. म्हणून त्यांना एका लांब धाग्यांच्या पॉलिमरमध्ये विखरून थिजवलेलं होतं. जत्रेत ताटातूट झालेल्या भावंडांसारखं. भावंडं जत्रेतच असतात, पण मध्ये इतकी माणसं की एकमेकांपर्यंत पोचता येत नाही.

ओल मात्र त्यांना वाट करून देते. हवेतलं पाणी काचेत शिरतं, गर्दी सैल होते, आणि रेणू सरकायला लागतात. मुरांबा साखरतो तसं औषध साखरतं.

या औषधाचं तसं कधी होणार नाही, असं सगळे म्हणायचे. संगणकाने लाखो परींनी त्याच्या ओळी लावून पाहिल्या होत्या, जमल्या नव्हत्या. त्याचा स्फटिक जगात कुणी पाहिलेला नव्हता.

केतूला झोपवून मी गोळ्यांची बाटली काढली. हलकी लागली. आत बडीशेप होती.

"आई," मी सासूबाईंना विचारलं, "यातल्या गोळ्या कुठे आहेत?"

"त्या होय? बरणीत." त्या सुकट निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या. "त्या झाकणान माझी बोटा मोडली. नि आत ती पुडी. 'खाऊ नये' म्हणान लिवलेली. लेकराच्या औषधात विष कित्याक ठेवतत गो? मीच टाकलंय ती."

"आई, ती ओल धरणारी पुडी होती."

"तर मी काय केलंय? मीठच घातलंय ना ओल धरूक! मिठात बांगडो वर्षभर ऱ्हवता, गोळयेक काय धाड भरली?"

चिनीमातीच्या बरणीत खडेमीठ होतं, पावसाळ्यात होतं तसं ओलसर, तळाशी पाणी सुटलेलं. मिठावर केळीच्या पानाचा तुकडा आणि त्याच्यावर केतूच्या गोळ्या नीट मांडलेल्या होत्या, लोणच्याच्या फोडी मांडाव्यात तशा.

मी एक गोळी उचलून उजेडात धरली. आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेची असं कपाट घ्यायची ऐपत नव्हती तेव्हा आम्ही हेच करायचो. बंद भांड्यात ओलं मीठ ठेवलं की आतली हवा बरोबर पंचाहत्तर टक्के दमट राहते, एक कमी नाही, एक जास्त नाही. कोरडं मीठ पाणी ओढतं, पण ओलं झालेलं मीठ ते पाणी परत हवेला देत राहतं. आईंनी स्वयंपाकघरात माझंच कपाट बांधलं होतं. फक्त माझ्या कपाटात बाटल्या बंद असायच्या.

"काय झाला?" त्यांनी आता वर पाहिलं. "हेमा, काय झाला गो?"

"काही नाही. नवी बाटली काढते."

नवी बाटली काढली, आणि दोन दिवसांत केतूचं थांबणं बंद झालं. गोष्ट तिथेच संपली असती. बरणीतल्या गोळ्या मी चुलीत टाकायला हव्या होत्या.

पण मला बघायचं होतं. बिघडलेलं औषध आत आणायचं नाही, फाटकाजवळच्या वेगळ्या शेडमध्ये द्यायचं, पंधरा दिवसांनी अहवाल येतो, हा नियम मीच नव्या मुलींना शिकवायचे. पंधरा दिवस मला धीर नव्हता. मी दोन गोळ्या रुमालाच्या गाठीत बांधल्या आणि डब्याच्या पिशवीतून आत नेल्या.

सूक्ष्मदर्शकावर अस्लम मुकादम बसायचे. पन्नाशीचे, चष्म्याला दोरी, तोंडात सतत लवंग.

"हेमांगीताई, हे कुठलं?"

"घरचं."

"घरचं म्हणजे डबा आणायचा असतो. गोळ्या काय आणता?" असं म्हणत त्यांनी खल पुढे सरकवला. मी गोळी कुटली. मास्क गळ्यात होता, बोलत होते म्हणून. पांढरी पूड खलाच्या काठावरून उडाली, मी ती हाताने झटकली.

आमच्या सूक्ष्मदर्शकात प्रकाश अशा दोन चाळण्यांतून जातो की काचेचं औषध ठेवलं तर काहीच दिसत नाही. नुसता काळोख. काळोख म्हणजे औषध चांगलं. बारा वर्षं मी अशा काळोखाकडे बघून समाधानाने सही करत आले होते.

मुकादमांनी डोळा लावला आणि लवंग चावायचं थांबले.

"या, बघा."

काळोखात सुया होत्या. निळ्या, पिवळ्या, आगीसारख्या लाल. एका बिंदूतून सगळीकडे फुटलेल्या, शेवंतीसारख्या. मी बघत असतानाच एक सुई लांब झाली.

"सुबहानल्ला," ते हळूच म्हणाले. "संगणकाला लाख खेपांत जमलं नाही. तुमच्या सासूबाईंचा सत्कार करायला हवा."

आम्ही दोघंही हसलो. अजून आठवतं, मोठ्याने हसलो होतो.

आठव्या दिवशी सहा महिन्यांच्या गोळ्या काढायची तारीख होती. सूक्ष्मदर्शकाखाली काळोख दिसायला हवा होता, पण त्या फुलल्या होत्या. मग वर्षाच्या फुलल्या. मग तीन वर्षं जसंच्या तसं राहिलेलं औषध एका दुपारी दुधी झालं. कारखान्यात नवीन घाणा काढला तर तो यंत्रातून बाहेर पडतानाच पांढरा. यंत्र धुतलं, स्पिरिटने धुतलं, उकळत्या पाण्याने धुतलं. नवं यंत्र आणलं. पहिला घाणा पारदर्शक आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बघायला आत गेले. दुसरा घाणा पांढरा आला.

मुकादमांनी मला कँटीनमध्ये बसवलं. समोर कागद ठेवला.

"ताई, दूध आपण होऊन दही होत नाही. विरजण लागतं. एकदा विरजण लागलं की मग चमचा बुडाला तरी पुरे, नुसता विसळलेला चमचासुद्धा. या रेणूला आपल्या ओळी कशा लावायच्या ते ठाऊकच नव्हतं. आता एका कणाला ठाऊक झालंय. तो कण ज्याला शिवेल त्याला शिकवतो. डोळ्याला दिसत नाही इतका कण."

"मग तो शोधायला हवा."

"शोधला." त्यांनी कागद माझ्याकडे वळवला. बिघडलेल्या कपाटांची यादी होती, उघडल्याची वेळ आणि सही. प्रत्येक ओळीत माझी सही. ज्या कपाटांना मी हात लावला नव्हता ती अजून काळी होती.

मी हात टेबलाखाली घेतले. का घेतले माहीत नाही. ते स्वच्छच होते.

पुढच्या आठवड्यात तपासणीच्या नळ्या आल्या. करंगळीएवढी काचेची नळी, आत औषधाचा दाट पाक, पाण्यासारखा नितळ. तुमच्या बाहीवरून एक दोरा फिरवायचा आणि नळीत सोडायचा. पाक नितळ राहिला तर तुम्ही मोकळे, पांढरा झाला तर तुमच्या अंगावर विरजण आहे. आम्ही रांगेत उभे होतो. बहुतेकांच्या नळ्या एका अंघोळीनंतर नितळ राहिल्या. माझी पाळी आली, पांढऱ्या पोशाखातल्या बाईंनी नळीचं झाकण उघडलं आणि दोरा उचलला.

दोरा माझ्यापर्यंत आलाच नाही. नळीच्या तोंडापाशी एक पांढरा ठिपका उमटला आणि त्याच्या सुया सावकाश खाली उतरत गेल्या. शेवटपर्यंत. मी नुसती उभी होते, श्वास घेत.

मला अकरा वेळा धुतलं. केस कापले, नखं मुळापर्यंत काढली, कपडे जाळले. अकराही वेळा नळी पांढरी झाली. कुठे लपलंय ते सापडेना. मुकादम तिसऱ्या अंघोळीत सुटले. सुटल्याचं सांगायला फोन केला आणि बोलता बोलता रडायलाच लागले.

कंपनीने लडाखात, हवेत ओल नसलेल्या उंचीवर, घाईघाईने एक नवा बंदिस्त विभाग उभा केला. तिथे माझ्यासारखं कुणी जाणार नव्हतं. औषध लागणारी मुलंही तिथल्याच वसाहतीत राहतील, सोबत एक नातेवाईक, नळी नितळ असलेला. नवा रेणू सापडेपर्यंत. एक वर्ष म्हणाले. मी या कामातली आहे, एक वर्ष म्हणजे किती ते मला कळतं.

घरात शेवटची बाटली होती. रोज सकाळी मी दारात उभी राहायचे आणि आई आतल्या खोलीत गोळी काढायच्या. तरी पाचव्या दिवशी गोळ्यांवर बुरशीसारखी लव आली. केतू परत थांबायला लागली. एक मिनिट. दोन. गणपतीच्या आरतीत टाळ हातात घेऊन चार मिनिटं. आरती संपली, सगळे प्रसादाला बसले, आणि मग एकट्या टाळाचा आवाज आला.

निनादचं जहाज तीन महिने इकडच्या किनाऱ्याला लागणार नव्हतं. आईंची नळी दुसऱ्या अंघोळीनंतर नितळ झाली. त्यांनी गोळ्या अखंडच हाताळल्या होत्या, कुटल्या नव्हत्या. कुटल्या मी.

"मी नाय जाणार," आई म्हणाल्या. पाठ माझ्याकडे होती. "चूक माझी. आणि तुझ्या चेडवाक घेऊन माकाच धाडतंस?"

"चूक तुमची नाही. तुम्ही बरणीत ठेवल्या. ती बरणी जगात मी नेली."

"तिका तुझ्याशिवाय झोप लागत नाय."

"लागेल."

"तुका?"

त्या वळल्या, सवयीने माझ्या गालाला हात लावायला पुढे आल्या, आणि मी मागे सरले. त्यांचा हात तसाच राहिला. "बघ," त्या म्हणाल्या, "माका हात लावूची पण चोरी." आणि नाक पुसून बॅग भरायला गेल्या. बॅगेत काहीच भरायचं नव्हतं. इथलं काही न्यायची परवानगी नव्हती.

त्या दोघींना न्यायला गाडी शाळेच्या मैदानावर आली. मैदानाच्या मधोमध फक्कीची पांढरी रेघ मारली होती, खो-खोला मारतात तशी. रेघेच्या अलीकडे तंबू, तिथे शेवटची अंघोळ. पलीकडे गाडी. तंबूतून निघालेल्या माणसाने एकट्याने चालत रेघ ओलांडायची. मला त्या वाटेपासून दहा पावलांवर उभं राहायची मुभा मिळाली होती, वारा माझ्याकडे वाहत होता म्हणून.

आधी आई गेल्या. नवे पांढरे कपडे, डोकं पदराविना, कधी नव्हे इतक्या लहान दिसणाऱ्या. रेघ ओलांडून वळून उभ्या राहिल्या.

मग केतू बाहेर आली. डोक्याचा तुळतुळीत गोटा. मला बघून दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

"आई, माझ्या वेण्या त्यांनी घेतल्या!"

"वाढतील गं. आजीकडे जा बघू. चालत जा, छान."

"तू पण ये."

"मी मागून येते."

हे खोटं होतं, पण ती निघाली. नव्या बुटांनी तांबड्या चिखलात चपक चपक करत. पंधरा पावलं. वीस. रेघ तीन पावलांवर राहिली आणि केतू थांबली.

एक पाय जरा पुढे. हात बाजूला. मान किंचित कलती, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी.

पांढऱ्या पोशाखातल्या बाईंनी घड्याळ पाहिलं. मीही. एक मिनिट, दोन, चार. बुरंगाट, भुरभुरता पाऊस सुरू झाला, तिच्या उघड्या डोक्यावरून ओघळायला लागला, पापण्यांवर थेंब साचले. तिने पापणी हलवली नाही.

"पडतली गो ती!" आई ओरडल्या. त्यांचा पाय रेघेवर आला.

"आई, रेघ ओलांडू नका!"

"सोड! माझा नातवंड ता!"

"ओलांडलीत तर दोघीही इथेच राहाल. मग तिला औषध कोण देणार?"

त्या तिथेच खाली बसल्या, रेघेपासून वीतभर मागे, आणि हात पुढे पसरून ठेवले. केतूपर्यंत पोचत नव्हते. माझेही पोचले नसते, पण मी दहा पावलांत पोचले असते. मी हात पाठीमागे बांधले. सहा मिनिटं झाली. सात.

मला वाटलं, तिच्या आतही ओळी लागताहेत. एकेक करून सगळं जागच्या जागी बसतंय, सुबक, चमकदार, आणि कायमचं.

मग तिने मोठा श्वास घेतला. डोळे मिचकावले. पावसाकडे आश्चर्याने पाहिलं, आणि वळली ती माझ्याकडे.

"आई, मी भिजले. उचल."

हात वर करून ती चालत यायला लागली. मी एक पाऊल मागे गेले. ती हसली. तिला वाटलं खेळ आहे. पावलं भरभर पडायला लागली. मी आणखी मागे गेले, आणखी, पाठीला शाळेची भिंत लागली. ती पाच पावलांवर होती.

"जा!" मी ओरडले. "नको येऊस माझ्याकडे! हड्!"

कुत्र्याला हाकलतात तसं. त्याच हाताने.

ती थबकली. यावेळी ते आजाराचं थांबणं नव्हतं, तिचे डोळे माझ्यावर होते. खालचा ओठ पुढे आला. चार वर्षांत मी तिच्यावर आवाज चढवला नव्हता.

"जा म्हणते ना! मला नकोस तू इथे!"

ती वळली आणि धावली. रेघ ओलांडली, आजीच्या पसरलेल्या हातांत शिरली आणि तिथून, तोंड पदर नसलेल्या खांद्यात खुपसत, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडली, "आई वाईट आहे!"

"हो गो, वाईटच," आई तिला थोपटत म्हणाल्या. माझ्याकडे बघत होत्या. "वाईटच ती."

बाईंनी केतूच्या बाहीवरून दोरा फिरवला, नळीत सोडला. पाच पावलं. वारा माझ्याकडे होता की नव्हता, ते मला आता आठवेना. त्यांनी नळी आभाळाकडे धरली. आभाळ करडं होतं, आणि नळीतून ते तसंच, करडं आणि नितळ, पलीकडे दिसलं.

गाडी गेली. तंबू उतरवणाऱ्यांनी मला लांबून हात केला, निघा म्हणून. मी रेघेपाशी गेले. फक्की पावसाने विरत होती. तिच्या अलीकडे, तीन पावलांवर, केतूच्या बुटांचे ठसे होते. येतानाचे उथळ, धावतानाचे नुसतेच चवड्याचे. पण एका जागी दोन ठसे शेजारी शेजारी चांगले खोल गेले होते, सात मिनिटांचे, काठ कोरल्यासारखे, आणि त्यांत तांबडं पाणी भरलं होतं.

मी चिखलात गुडघे टेकले आणि दोन्ही हात त्यांत बुडवले. मला कुणी अडवलं नाही.